दूरची मावशी

डिस्टन्स हा इंग्रजी शब्द मी पुस्तकात वाचला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो माझ्या कानावर होता. माझे वडील रेल्वेत फाटकवाले. उंबरमाळी सोडून कसाऱ्याकडे जाताना जंगलातून येणारा एक रस्ता रुळांना आडवा जातो. तिथलं फाटक ते सांभाळायचे आणि फाटकाला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. फाटकाला दोन सिग्नल होते. एक जवळ, आणि एक वळणापलीकडे, किलोमीटरभर लांब. लांबच्या सिग्नलला वडील ‘डिस्टन’ म्हणत. “डिस्टनपाशी म्हशी आल्यात गो, बघून ये जरा,” असं ते आईला सांगायचे. डिस्टन म्हणजे वळणावरचा तो खांब, एवढंच मला माहीत.

कसाऱ्याच्या शाळेत आठवीत असताना इंग्रजीच्या बाईंनी डिस्टंट या शब्दाचा अर्थ विचारला. मी हात वर केला आणि म्हणाले, “पिवळा दिवा लागतो तो खांब.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “त्या खांबाला तसं का म्हणत असतील?” मी म्हटलं, “लांब आहे म्हणून.” “मग आलं की तुला,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून इंग्रजी हा माझा विषय झाला आणि इंग्रजीची बाई व्हायचं मी मनात धरलं.

माझी लहानपणची चार वर्षं मात्र फाटकावर गेली नव्हती. मी दोन वर्षांची असताना धाकटी बहीण झाली, ती आजारी असायची. आईच्याने दोघींचं होईना. तेव्हा आईची एक चुलत बहीण मला वैशाखऱ्याला घेऊन गेली. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते वैशाखरे. तिला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि काका, दोन खाचरं भाताची आणि डोंगराच्या अंगाला थोडी नाचणी. मी तिला मावशे म्हणायचे, पण आई म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, ते माझ्यापुढे तिचंच यायचं. पाठीला बांधून ती मला खाचरावर न्यायची. मला गोवर आला तेव्हा काकांनी मला खांद्यावर घेऊन टोकावड्याच्या दवाखान्यापर्यंत चालत नेलं होतं, असं ती सांगायची.

शाळेत घालायचं म्हणून मला सहाव्या वर्षी परत आणलं. मावशी आठ दिवस फाटकावर आमच्याबरोबर राहिली, मला सवय व्हावी म्हणून. नवव्या दिवशी सकाळी “करवंदा घेऊन येते” असं सांगून ती गेली, आणि उंबरमाळीला गाडीत बसली. तिथे तेव्हा फलाट नव्हता, रेल्वेच्या माणसांसाठी गाडी घटकाभर थांबायची. मी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होते. करवंदांचे दिवस नव्हते हे मला नंतर कळलं. पुढे दर मे महिन्यात मी वैशाखऱ्याला जायचे, बारावी होईपर्यंत.

१९९७ साली मी शहापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. एका दुपारी फाटकाचं चाक फिरवता फिरवता वडील खाली बसले आणि परत उठले नाहीत. घरात आई आणि आम्ही तिघी बहिणी. खोल्या रेल्वेच्या, म्हणजे नोकरी गेली की खोल्याही जाणार. वडिलांच्या जागी घरातल्या एकाला घेतात, तशी आईला तपासणीला बोलावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर डिस्टन्स व्हिजनपुढे नापास असा शेरा मारला. तिला लांबचं दिसत नव्हतं. मग मला बोलावलं. मला शेवटच्या ओळीतली अक्षरंही दिसली, लाल, हिरवा, पिवळा सगळे ओळखता आले. एकही अक्षर चुकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी तिथे बसल्या बसल्या केला होता. चुकवावं असंही एकदा मनात आलं. बाहेर बाकावर आई पदर दोन्ही हातांत धरून बसली होती. मी सगळं बरोबर वाचलं.

अशी मी विसाव्या वर्षी फाटकवाली झाले. कॉलेज सुटलं. पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. गाडी येणार असली की स्टेशनातून फोन यायचा. चाक फिरवून फाटक पाडायचं, कुलूप लावायचं, किल्ली फिरवली की सिग्नल सुटायचा. मग हिरवी झेंडी धरून शेवटचा डबा जाईपर्यंत उभं राहायचं. फाटक उघडेपर्यंत पुढच्या गाडीचा फोन यायचा. रात्रपाळीचे जोडीदार येऊन वहीत सही करेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. जेवण अर्धं टाकून उठायची मला इतकी सवय झाली की सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या भाकरीवर माझा हात थांबायचा. आई पंचवीस पावलांवर, घरात, आणि मी झेंड्या-कंदिलांच्या खोलीत. ती दारातून ओरडून विचारायची, “भात टाकू का गो?” आणि मी मानेनेच हो म्हणायचे, कारण फोन कानाला असायचा.

दोन वर्षांनी मी बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं. माहितीपुस्तकावर डिस्टन्स एज्युकेशन असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आईने विचारलं, “काय लिवलंय?”

“लांबून शिकवणार.”

“लांबून? मंग तुला ऐकू कसा येनार? इथं तर गाडी आली का मानूस शेजारचा ऐकू येत नाय.”

पुस्तकं टपालाने यायची. कल्याणला महिन्यातून एका रविवारी वर्ग भरायचा, मला वर्षातून दोनदा जमला. बाकी अभ्यास दोन गाड्यांच्या मध्ये. पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात एका धड्यात डिस्टन्स हा एकच शब्द घेऊन वेगवेगळी वाक्यं दिली होती आणि प्रत्येकाचा अर्थ आपल्या भाषेत लिहायचा होता. मला वाटलं, हा तर माझाच शब्द. मी भराभर लिहीत गेले. गावापासूनचा पल्ला. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. इतक्या वर्षांनंतर मागे वळून बघताना, इथेही डिस्टन्सच. एखाद्या प्रकरणातून अंग काढून घेणं, तेही. ट्रकच्या मागे रंगवलेलं कीप डिस्टन्स मी रोज वाचायचे, तेही त्यात होतं, पण पुस्तकातल्या वाक्यात ट्रक नव्हता, शेजारी होता. शेवटच्या वाक्यापाशी मी अडले. तिच्या आवाजात डिस्टन्स होता, असं काहीतरी ते वाक्य होतं. मी लिहिलं, तिचा आवाज लांबून येत होता. वही तपासून आली तेव्हा त्या ओळीवर लाल फुली होती. बरोबर काय ते लिहिलं नव्हतं. मी आईला विचारलं, आवाज लांबून येत नसेल तर आवाजात अंतर कसं असेल? आई म्हणाली, “तू जेव आता.”

२००१ चा फेब्रुवारी असेल. कसाऱ्याहून स्टेशनमास्तरांचा फोन आला. गाडीचा असेल म्हणून मी चाकाकडे हात नेला, तर ते म्हणाले, “गाडी नाही. वैशाखऱ्याहून कोणाचा तरी फोन होता. तुमची मावशी फार आजारी आहे, येऊन जा म्हणतायत.” त्यांच्याच मागे दुसऱ्या मास्तरांनी गाडी सुटल्याचं सांगितलं, आणि मग गाडीही आली.

दुसऱ्या दिवशी जोडीदारांनी दोन तास माझी पाळी सांभाळली आणि मी रजेसाठी कचेरीत गेले. कारकून वयाने वडिलांएवढे होते, वडिलांना ओळखायचेही. अर्ज इंग्रजीत भरायचा असे, तो तेच भरून द्यायचे.

“सख्खी मावशी का?” त्यांनी विचारलं.

“आईची चुलत बहीण.”

त्यांनी नात्याच्या रकान्यात लिहिलं, डिस्टंट रिलेटिव्ह. अर्ज माझ्यापुढे उलटा होता, तरी मी तो वाचला. एरवी फाटकवाल्याला ते वाचता आलं नसतं.

“काका, ते नका लिहू.”

“मग काय लिहू?”

“आई लिहा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पोरी, तुझी आई तुझ्या सर्व्हिसच्या कागदांवर आहे. रेल्वेला दोन आया कशा दाखवू?”

“लहानपणी तिनं सांभाळलंय मला. चार वर्षं.”

“त्याला इंग्रजीत काय म्हणतात, सांग. तसं लिहितो.”

मला सांगता आलं नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत पासष्ट मार्क होते मला. मी तिथे उभी राहून शब्द शोधत राहिले, पण मला एकच शब्द येत होता आणि तो त्यांनी आधीच लिहिला होता. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. अर्ज वर गेला. त्या महिन्यात बदली माणूस मिळत नव्हता, एकाच्या घरी लग्न, एकाचा पाय मोडलेला. दूरच्या नातेवाइकासाठी पाच दिवसांची रजा कोण देणार? रजा नामंजूर होऊन आली. आठवड्याची सुट्टी पाच दिवसांवर होती, ती तेवढी माझी.

दोन महिन्यांनी शब्दकोशात दुसरंच काही शोधताना मला फॉस्टर मदर हा शब्द सापडला. मी कोश मिटून ठेवला आणि बरेच दिवस उघडला नाही.

सुट्टीच्या दिवशी पहाटे निघाले. आसनगावपर्यंत गाडी, तिथून शहापूर, शहापूरहून किन्हवलीवरून सरळगावला एसटी, सरळगावला जीप भरेपर्यंत थांबायचं. वैशाखऱ्यात पोचेपर्यंत बारा वाजले. परतीच्या सगळ्या गाड्या सापडायच्या तर दोनला निघायला हवं होतं. सकाळी आठला फाटकावर सही करायची होती.

मावशी ओटीवर गोधडीवर पडली होती. पोट सुजलेलं, हात काटक्या. मला तिने लगेच ओळखलं. माझा हात तिने धरून ठेवला. काकांनी चहा केला. मग तिने विचारलं, “किती दिस ऱ्हाशील?”

मी म्हटलं, “दोनच्या गाडीनं जायचंय, मावशे.”

“उद्या दोनच्या?”

“आज.”

तिने हात सोडला नाही, पण मान भिंतीकडे वळवली. “मंग आलीस कशाला गो,” ती म्हणाली. रागाने म्हणाली नव्हती. खरंच विचारत होती.

मी तिचे केस विंचरले. तिला दोन घास पेज भरवली, एक घास राहिला. पावणेदोनला मी उठले. ती डोळे मिटून होती, झोपली असेल किंवा नसेल. काका रस्त्यापर्यंत आले. जीप आली तेव्हा ते म्हणाले, “एक रात ऱ्हायली असतीस.” मी म्हटलं, “नोकरी जाईल, काका.”

चौथ्या दिवशी फोन आला. मास्तरांनी आधी मावशी गेल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाले, “सांगायला बरं वाटत नाही, पण मालगाडी सुटलीय.” मी फाटक पाडलं. झेंडी धरून उभी राहिले. डबे मोजायची मला सवय होती, त्या दिवशी मोजले नाहीत, एवढंच. आई एकटी वैशाखऱ्याला गेली. तिला लांबचं दिसत नसताना, एसटीच्या पाट्या लोकांना विचारत.

मला त्यानंतरच्या सुट्टीला जाता आलं. घरासमोर काका विळ्याला धार लावत बसले होते. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, “या. बसा. पानी घ्या.”

मी अंगणातच उभी राहिले. ज्या माणसाने मला खांद्यावर घेऊन टोकावड्याला नेलं, ज्याने मला जन्मात अगं-तुगंशिवाय हाक मारली नाही, तो मला ‘या, बसा’ म्हणत होता. पाणी त्यांनी तांब्यावर फुलपात्र ठेवून दिलं, पाहुण्याला देतात तसं. पुस्तकातलं ते शेवटचं वाक्य, आवाजातल्या डिस्टन्सचं, मला तिथे समजलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. रजेचा अर्ज, कारकून, नात्याचा रकाना. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग काय लिवला कागदावर?”

“डिस्टंट रिलेटिव्ह.”

“म्हंजे?”

“लांबची नातेवाईक.”

काका विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले. “बराबर लिवलाय,” ते म्हणाले. “जवलची आस्ती तर तुमी ऱ्हायला आस्ता.”

त्यानंतर पावणेदोन वर्षं मी तिकडे गेले नाही. दर सुट्टीला मनात यायचं आणि दर सुट्टीला काहीतरी कारण निघायचं. बहिणीची परीक्षा, आईचे डोळे, कल्याणचा वर्ग. खरं सांगायचं तर मी आता अंग काढून घेत होते, आणि त्यालाही इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. फाटकावर बसून मला राग यायचा, तो कोणावर काढावा ते समजायचं नाही. वडिलांवर काढायचा तर ते नव्हते. आईवर एकदा काढला. “तू तपासणीत पास झाली असतीस तर मी सुटले असते,” असं मी तिला म्हणाले. ती चुलीपाशी होती. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, “व्हय, सुटली आस्तीस.” मला ते आजही आठवतं, आणि आज मी तसं बोलणार नाही.

२००२ च्या दिवाळीनंतर भात झोडून झालं, आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला काका रुळांच्या पलीकडे उभे दिसले. डोक्यावर पोतं. फाटक बंद होतं, गाडी यायची होती. मी झेंडी घेऊन उभी होते. गाडी गेली, मी फाटक उघडायला वळले तोच फोन वाजला, दुसऱ्या बाजूची गाडी सुटली होती. काका तसेच उभे. मी ओरडून सांगितलं, “काका, बाजूनं वाट आहे, चालत या.” ते दोन्हीकडे बघून पोतं सांभाळत आले, आणि फाटकाच्या खोलीच्या दारात बसले.

“नव्या भाताचे तांदूळ हायेत,” ते म्हणाले. “आनि थोडी नाचनी.”

मी त्यांना घरात जाऊन आईकडे बसायला सांगितलं. ते चहा पिऊन परत आले आणि दिवसभर माझ्या खोलीच्या दारातच बसले. फोन वाजला की माझ्याकडे बघायचे, चाक फिरायला लागलं की चाकाकडे. दुपारी आईने माझं ताट तिथेच आणून दिलं. पहिला घास घेतला आणि फोन आला. मी परत येऊन बसले, पुन्हा फोन. मी तिसऱ्यांदा उठले तेव्हा काकांनी ताटावर परडी झाकली, माशा बसू नयेत म्हणून.

चार वाजता त्यांनी विचारलं, “हे रोजचाच?”

“रोजचंच.”

“तुज्या जागंवर दुसरा कोन बसत नाय?”

“रात्री आठला येतात एक. त्यांनी सही केली की मी मोकळी.”

ते रुळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं व्हतं हापीस आसंल. खुर्ची-टेबल. सांगून निंगता येत आसंल.” थोड्या वेळाने म्हणाले, “तिला सांगाय पायजे व्हता हे.” माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, आणि उठून तोंड धुवायला नळाकडे गेले. मला ‘तू’ म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसेल. संध्याकाळच्या गाडीने ते गेले. जाताना आईला म्हणाले, “पोरीला जेवून घ्याय सांग.”

माझं बी.ए. पाच वर्षांनी पुरं झालं. बाई व्हायला बी.एड. लागतं, त्याला रोज वर्गात हजर राहावं लागतं, ते लांबून होण्यासारखं नव्हतं, निदान माझ्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे. तो विचार मी कधी सोडला ते मला नेमकं सांगता यायचं नाही. धाकट्या बहिणींची शिक्षणं झाली. एक नर्स होऊन पुण्याला गेली, दुसरीचं लग्न मुरबाडला झालं. दोघी म्हणायच्या, आता सोड ते फाटक. पण सोडून कुठे जायचं याचं उत्तर तिघींपैकी कोणाकडेच नव्हतं. कारकुनाच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असते, ती मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा गणितात. काका त्या वर्षांत तीनदा येऊन गेले, मीही जाऊन आले. चौथ्या वर्षी ते वारले तेव्हा मला रजा मिळाली, ती कोणाच्या आजाराचं खोटं कारण न सांगता, सरळ ‘वडिलांसारखे’ असं मराठीत लिहून. नव्या साहेबांनी सही करताना काही विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला खात्याची परीक्षा मी पास झाले. २००८ साली मला स्टेशनातल्या कचेरीत टेबल मिळालं आणि शहापुरात आम्ही एक खोली भाड्याने घेतली. सामान फारसं नव्हतं. दोन ट्रंका, भांड्यांचं पिंप, माझी पुस्तकं. टेंपो आला, आईला ड्रायव्हरशेजारी बसवलं, मी तिच्या पलीकडे. माझ्या जागेवर आलेला माणूस नवा होता, तीन दिवस मी त्याला काम दाखवलं होतं. आम्ही रुळांपाशी पोचलो आणि त्याने फाटक पाडलं. एक गाडी गेली, उघडायच्या आत दुसरीचा फोन आला. दहा मिनिटं तरी आम्ही तिथे अडकलो असू. टेंपोवाला वैतागला, त्याला शहापूरहून दुसरं भाडं होतं. त्याने हॉर्नवर हात ठेवला, तशी आईने त्याचा हात धरला.

“नको वाजवू रे,” ती म्हणाली. “नवीन मानूस हाये, घाबरंल.”